उजवीकडेच म्हणालो

३ फेब्रुवारी

इतिहास मीच लिहायचा, असं ठरलं. एकमताने! म्हणजे मी सोडून बाकी सगळ्यांचं एकमत. पथकाला पन्नास वर्षं होतात, महिनाअखेर सुवर्णमहोत्सव, आणि महोत्सव म्हटला की पुस्तक आलंच. पक्षाचे अध्यक्ष — आमचे साहेब — म्हणाले, "मास्तर, तुम्ही पहिल्या दिवसापासून आहात. तुम्हाला कुठे शोधायचंय? नुसतं उतरवायचं." निवडणूक जवळ आली की साहेबांना स्वयंसेवक आठवतात. सतरंज्या कोण अंथरणार? गर्दीपुढे दोरी कोण धरणार? पाण्याची पिंपं कोण भरणार? पथक! एरवी पथक म्हणजे कोण, हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

खरी गोम पुढेच. महोत्सवात दोन्ही पथकं एक होणार. आमचं पथक (मूळ) आणि त्यांचं पथक (खरे). अडतीस वर्षांनी आम्ही मैदानवाले आणि ते चौकवाले एका व्यासपीठावर! आमच्यातला सर्वांत जुना मी, त्यांचा आजन्म अध्यक्ष माझा सख्खा थोरला भाऊ.

"फुटीचं प्रकरण जरा सुटसुटीत करा," साहेब म्हणाले. "दोघांचंही बरोबर होतं, असं."

दोघांचंही बरोबर! होय बाप्पा. घरी आल्यापासून डोकं धरून बसलोय.

५ फेब्रुवारी

सकाळी सहाला पाणी आलं. मी फरशीवर काठीचे दोन ठोके दिले. खाली दादाने मोटर लावली. टाकी भरली, एक ठोका दिला, मोटर बंद. अडतीस वर्षं आम्हा दोघा भावांचं संभाषण एवढंच. घराची वाटणी झाली तेव्हा दादाला त्याच्या गुडघ्यामुळे खालचा मजला दिला, मला वरचा. टाकी वर, मोटरचं बटण खाली! वाटणी करणारे पंच पक्षाचेच होते, आणखी काय होणार?

पण एक कबूल करायला हवं. अडतीस वर्षांत मोटर एकदाही चुकली नाही. दादाला ताप असो, बाहेर आमच्या दोन पथकांची हाणामारी चाललेली असो. दोन ठोके, की मोटर सुरू.

बायकांनी मात्र फूट कधी मानलीच नाही. ही आणि वहिनी रोज जिन्यात बसून भाजी निवडतात, आणि कोणावर हसतात ते मला वर ऐकू येतं.

७ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण झालं. स्थापना. साहेबांच्या वडिलांची पहिली सभा होती, लोक व्यासपीठावर चढायला लागले, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, दोरी धरा कुणीतरी!" आम्ही नऊ जणांनी दोरी धरली. झालं पथक. पुढे ध्येयधोरण वगैरे आलं, पण ते दोरीला लोंबकळत आलं.

दुसरं प्रकरण, सहाव्या वर्षीची बंदी. इथे पक्षाच्या प्रसिद्धीबाई आडव्या आल्या. चष्मा कपाळावर, पेन कानावर, फोन हातात.

"मास्तर, 'गृहमंत्र्यांनी बंदी घातली' हे काढा."

"त्यांनीच घातली होती. मी चार महिने आत होतो!"

"असाल. पण ते गेल्या वर्षीपासून आपले मार्गदर्शक आहेत. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचीच आहे. नुसतं 'बंदी आली' असं लिहा."

बंदी आली. पाहुणे येतात तशी! मी विचारलं, मग उठली कशी? म्हणाल्या, "उठली. तेवढंच."

बंदीच्या काळात आम्ही पाटी बदलून व्यायाम मंडळ झालो होतो. पोलीस रोज बघायला येत, त्यामुळे रोज खरोखर व्यायाम करावा लागे. पथकाची तब्येत म्हणाल तर तेवढीच दोन वर्षं चांगली होती. हे वाक्य मी ठेवलंय. बघू राहतं का.

९ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. पाणीही आलं नाही.

१० फेब्रुवारी

ही जिन्यातून बातमी घेऊन आली. दादा-वहिनी घर सोडताहेत. दोन मार्चला लेकीकडे जाणार — कायमचे. तिच्याकडे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. दादाचा गुडघा आता काठीलाही दाद देत नाही.

मी म्हटलं, "बरं झालं, सोय होईल."

ही म्हणाली, "तुमच्या मोटरची काय सोय?"

दुपारी जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी

फुटीचं प्रकरण लिहायला बसलो आणि उठलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी आधी इथेच लिहितो. या वहीला कुठे निवडणूक लढवायचीय!

मला डावं-उजवं कळत नाही. लिहायचा हात कोणता, जेवायचा कोणता, सगळं ठाऊक आहे. पण पटकन विचारलं की डोकं कोरं. लहानपणी यावरून मार खाल्ला. मग दादाने एक युक्ती शिकवली. माझ्या उजव्या पंजाच्या पाठीवर, मनगटाजवळ मोठा तीळ आहे. "तीळ तो उजवा. आधी हाताकडे बघायचं, मग बोलायचं." त्या तिळावर मी आयुष्य काढलं. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली! हेडमास्तरांना वाटायचं, मास्तर हुकूम देण्याआधी घड्याळ बघतात, किती शिस्त! ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत — आई आणि दादा. आई गेली.

पथकाच्या बाराव्या वर्षी मोठी मिरवणूक निघाली. चाळीस जण, चौघांच्या रांगा, पुढे बँड. हुकूम द्यायला मी सगळ्यांत पुढे. दादा ऐनवेळी मागे जाऊन सगळ्यांत शेवटच्या रांगेत उभा राहिला होता, का ते कळलं नाही. त्या दिवशी पक्षाने पहिल्यांदाच सगळ्यांना पांढरे हातमोजे दिले. केवढा थाट! मीही घातले.

तिठ्यावर आलो. उजवीकडे मैदान — सभा, व्यासपीठ, हार. डावीकडे चौक — तिथे जमावबंदी, पोलीस लाठ्या घेऊन उभेच. मी हाताकडे पाहिलं. पांढराशुभ्र हातमोजा! तीळ नाही!

तोंडातून निघालं, "डावीकडे वळ!" आणि पाय गेले उजवीकडे. कारण मैदान कुठे आहे हे पायांना पाठ होतं.

पुढच्यांनी माझे पाय पाहिले आणि मैदानावर आले. मागच्यांनी तोंड ऐकलं आणि चौकात गेले. दादा आणि दहा जण. आम्ही हार घालून घेत होतो तेव्हा त्यांची डोकी फुटत होती. दादाचा गुडघा त्याच दिवशी गेला.

पण खरं पाप ते नव्हे. चूक कोणाचीही होते. तीन दिवसांनी कार्यालयात चौकशी बसली. अकरा जण पट्ट्या बांधून समोर. साहेबांच्या वडिलांनी मला विचारलं, "तू काय हुकूम दिलास?"

मी म्हणालो, "उजवीकडेच म्हणालो."

पुन्हा विचारलं. "उजवीकडेच म्हणालो." तिसऱ्यांदा तर मी छाती पुढे काढून म्हणालो.

मग दादाला विचारलं, तू काय ऐकलंस? मला वाटलं, संपलं सगळं. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "मी वळलो. एवढंच."

अकरा जणांना बेशिस्तीबद्दल काढून टाकलं. जखमा ओल्या असताना! तेव्हापासून दादा माझ्याशी बोलला नाही. कशाला बोलेल?

१३ फेब्रुवारी

पुढचा इतिहास म्हणजे शुद्ध तमाशा. काढलेल्यांनी आठवड्यात वेगळं पथक काढलं. मग दोन्हीकडचे विचारवंत कामाला लागले. चौकवाल्यांची पुस्तिका निघाली: आज्ञा हीच निष्ठा. आमची निघाली: विवेक हीच निष्ठा. ते म्हणाले, आम्ही डावे. आम्ही म्हणालो, आम्ही उजवे. मधल्या एका निवडणुकीत आघाड्या बदलल्या, तेव्हा दोन वर्षं ते उजवे होते आणि आम्ही डावे. मग पुन्हा आपापल्या जागी आलो. कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

"उजवीकडेच म्हणालो!" हे आमचं ब्रीदवाक्य झालं. बिल्ल्यावर आहे. माझं थोबाड आणि खाली ते वाक्य! त्यांच्या कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत: "वळलो, एवढंच!" त्यांनी दादाला आजन्म अध्यक्ष केलं. तो एकाही सभेला गेला नाही. त्यामुळे त्याच्याबद्दलचा आदर वाढतच गेला.

पथकाच्या एकुलत्या बिगुलावरून खटला चालला, तो अकरा वर्षं; तोवर बिगूल कोर्टात. निकाल लागला, बिगूल आम्हाला आणि फुंकायचं तोंड त्यांना. तेव्हापासून दोन्ही पथकांनी आवाज न करता कवायत केली.

आणि हे सगळं कशावर उभं? एका हातमोज्यावर. आणि माझ्या खोटेपणावर.

१४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, रडेल. हसली!

"लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं मला. टॅक्सीवाल्याला डावीकडे सांगता आणि बोट उजवीकडे दाखवता. हुकुमाचं तेवढं माहीत नव्हतं." मग हसू थांबलं. "भाऊजी आणि ते दहा जण काढून टाकल्यावर कार्यालयाच्या दारात उपाशीतापाशी बसले होते..."

"दादासुद्धा?"

"तेसुद्धा. आणि तुम्ही छातीवर बिल्ला लावून हिंडलात." थोड्या वेळाने म्हणाली, "खाली जा आणि सांगा. सोळा तर पायऱ्या आहेत."

मी म्हटलं, आधी पुस्तकात लिहितो. छापून आलं की पक्कं होईल. मग दादाला पुस्तकच देतो.

ही म्हणाली, "म्हणजे सोळा पायऱ्या उतरायला छापखाना लागतो तुम्हाला."

१८ फेब्रुवारी

प्रकरण पाठवलं. तीळ, हातमोजे, चौकशी, सगळं. काही लपवलं नाही. प्रसिद्धीबाईंचा फोन. हसून हसून पुरेवाट!

"मास्तर, तुम्ही विनोदी लिहिता हे माहीतच नव्हतं!"

"बाई, ते खरं आहे."

बाईंचं हसू गेलं. मग, "थांबा हं. साहेबांना विचारते."

१९ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. चहा आला. दार लावलं.

"मास्तर, तुम्ही चूक म्हणता. त्या चुकीवर आपण सहा निवडणुका लढवल्यात."

"पण ते अकरा जण—"

"ते आता आपल्यात येताहेत ना! मग कशाला उकरताय? तुम्ही उजवीकडे म्हणालात, त्यांना डावीकडे ऐकू आलं, वारा होता. वारा लिहा!"

बंदी आली, तसा वारा आला. आमचा इतिहास नुसता हवामानाचा झालाय.

२१ फेब्रुवारी

आज शिंप्याकडे गेलो. चौकवाल्यांचा खरा कर्ता हाच. त्या अकरांपैकी आता दादा आणि हा असे दोघंच उरलेत. दोन्ही पथकांचे गळपट्टे त्याच्याकडेच शिवायला दिलेत. रंगावरून तीन बैठका झाल्या, शेवटी कापडवाल्याकडे जो गठ्ठा पडून होता तो रंग एकमताने ठरला.

म्हटलं, याला तरी न्याय मिळू दे. सगळं सांगितलं. हात जोडून म्हणालो, "मी डावीकडेच म्हणालो होतो. तुमचं काही चुकलं नाही. चुकून म्हणालो, आणि नंतर खोटं बोललो. माफ करा."

शिंप्याचं मशीन थांबलं. पहिल्यांदा डोळे चमकले — "म्हणजे डावीकडेच म्हणालात! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं!" आणि मग चेहरा एकदम उतरला.

"चुकून म्हणजे?"

"म्हणजे चुकून."

त्याने मान वाकवून केस बाजूला केले. टाळूवर लांब पांढरी रेघ. "नऊ टाके. हे चुकून का? माझा धाकटा मुलगा मला विचारतो, बाबा, तुम्ही का वळलात? मी त्याला आज्ञा, निष्ठा, सगळं सांगितलंय. त्याला आता काय सांगू, मास्तरचा तीळ झाकला होता?" कात्री उचलून परत ठेवली. "तुम्ही मुद्दाम म्हणालात. आतून आमच्यातले होतात, नंतर घाबरलात. तसं लिहा. चूक लिहिलंत तर बघा!"

बाहेर पडलो. खोटं बोललो तेव्हा एकानेही शंका घेतली नाही. खरं बोलायला निघालो तर गिऱ्हाईक नाही!

२४ फेब्रुवारी

पुस्तक आलं. फुटीचं प्रकरण एक परिच्छेद. "त्या दिवशी वारा जोराचा होता." व्यायाम मंडळाचं वाक्यही गेलं. मुखपृष्ठावर पांढरे हातमोजे घातलेले दोन हात एकमेकांत.

दादाला काय देऊ हे?

२८ फेब्रुवारी

झाला सुवर्णमहोत्सव!

बिगूल जोडला. मार्गदर्शकांच्या — म्हणजे मला आत टाकणाऱ्यांच्या — हस्ते. अडतीस वर्षांनी फुंकला तर म्हैस अडल्यासारखा आवाज आला. मुलं हसली, बाकी सगळ्यांनी डोळे पुसले. व्यासपीठावर दादाची खुर्ची रिकामी होती, पाठीवर नवा गळपट्टा घातलेला. "प्रकृतीच्या कारणास्तव." प्रकृती उत्तम होती. सकाळीच त्याने मोटर लावली होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. कागद खिशातच ठेवला. म्हणालो, "त्या दिवशी मी डावीकडे म्हणालो होतो. चुकून. मग चौकशीत खोटं बोललो. अकरा जणांना माझ्यामुळे मार पडला आणि माझ्यामुळेच त्यांना काढून टाकलं."

आणि टाळ्या! चौकवाले टाळ्या वाजवताहेत, कारण मी डावीकडे म्हणालो. मैदानवाले वाजवताहेत, कारण मास्तरांचं मन केवढं मोठं. साहेबांनी माइक घेतला. "एकीसाठी स्वतःवर खोटा ठपका घेणारा हा माणूस — असे स्वयंसेवक आता होणे नाही!" मला हार घातला. मी नाही-नाही म्हणत होतो, त्याचाही फोटो निघाला. विनय!

मग संयुक्त संचलन. हुकूम माझा. प्रसिद्धीबाईंनी सगळ्यांना नवे पांढरे हातमोजे वाटले. मी उजवा काढून खिशात टाकला. त्या धावत आल्या, "मास्तर, एक हात वेगळा दिसतोय!" म्हटलं, दिसू दे.

तिठ्यावर आलो. तीळ पाहिला. नीट, दोनदा पाहिला. आणि घसा ताणून म्हणालो, "उजवीकडे वळ!" आयुष्यात इतका बरोबर हुकूम दिला नव्हता.

मैदानवाले उजवीकडे वळले. चौकवाले, तत्त्व म्हणून, डावीकडे.

१ मार्च

खाली सामानाचे खोके बांधण्याचा आवाज दिवसभर. वहिनी वर येऊन हिच्या गळ्यात पडून गेली. मला म्हणाली, "भाऊजी, मोटरचं बटण वर घ्या आता. वायरमनला यांनी सांगून ठेवलंय." सगळं सांगून ठेवलंय त्याने. फक्त मला काही नाही.

दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. सगळ्या गावाला सांगून झालं, एकाच छपराखालच्या एका माणसाला सोडून.

२ मार्च

उतरलो. सोळा पायऱ्या. दादा खोक्यावर बसला होता. सांगितलं सगळं, उभ्यानेच. तो म्हणाला, "ठाऊक आहे. हातमोजे चढवताना पाहिलं होतं तुला. तेव्हाच म्हटलं, हा आज चुकणार. म्हणून तर शेवटच्या रांगेत गेलो, तिथून कोण वळतं, कोण नाही, सगळं दिसतं. त्या बँडमध्ये तुझं कुणालाच ऐकू गेलं नाही रे. मी कान लावून होतो, म्हणून मला आलं. म्हटलं, हुकूम दिला आणि एकही वळला नाही तर हसं होईल तुझं. मी एकटाच वळणार होतो. ते शेजारचे-पुढचे दहा जण मला बघून मागून आले." मग काठी आडवी ठेवून म्हणाला, "तुझ्याशी बोललो असतो तर हे निघालं असतं. त्यांची डोकी फुटली होती. त्यांना काय सांगायचं होतं मी — धाकट्याला कुणी हसू नये म्हणून वळलो?"